शंभरातले सात

पहिल्या दिवशी घड्याळ मिळालं,
गळ्यात घालायच्या दोरीसकट.
त्यात मिनिटाला साठ घरं नव्हती, शंभर होती.
नेसरीकर साहेब म्हणाले, भागाकाराला सोपं पडतं.
मला दोन दिवस चुकल्यासारखं होत राहिलं,
काटा बरोबर आणि मीच कुठंतरी घसरतेय असं.

उद्यमबागेतली फौंड्री, तिसऱ्या गल्लीतली.
पाटीवर वर कन्नड, खाली इंग्रजी,
आत शिव्या मराठीत.
माझ्या हातात फळी, फळीला चिमटा, चिमट्यात तक्ता:
वाळू भरणे. ठोकणे. पॅटर्न काढणे. कोअर बसवणे. पेटी झाकणे.
माणसाच्या नावाला तळाशी अर्धा इंच जागा.
दुंडाप्पा मास्तमर्डी तेवढ्यात मावला नाही,
शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

मी त्याच्या मागं उभी राहिले.
"पाठीमागं नको थांबू गे बाई, पोलिसागत. म्होरं ये."
मी पुढं आले.
"आता फोटो काढल्यागत वाटायलंय."
आणि न हसता कामाला लागला.

दहा फेऱ्या मोजल्या.
दहाही फेऱ्यांत फरक नखाएवढा.
एकच हालचाल तक्त्यात बसेना:
पेटी झाकली की तो तिच्यावर तळहात ठेवायचा,
तीनदा थापटायचा, वंदू, येरडू, मूरू,
आणि कान जरा तिरका करायचा.
शंभरातले सात.

"हे कशाला?"
"आमचा उस्ताद करायचा."
"तो कशाला करायचा?"
"त्येला कोण इचारणार?"

साहेबांनी लाल रेघ ओढली.
दोनशे पेट्या, सात-सात, म्हणजे पाळीला चौदा मिनिटं.
महिन्याचं गणित त्यांनी उभ्या उभ्या केलं.
मला वाटलं होतं
(खरं सांगायचं तर मला तसं व्हायलाच हवं होतं)
की थाप गेली की पंपाची कवचं फुटकी निघतील,
अंगभर छिद्रं पडतील,
आणि मी फळी टेबलावर आपटून म्हणेन, बघा.

तसं काही झालं नाही.
आठ दिवस नापास माल तितकाच.
गुरुवारी तर एक नग कमीच.
थापेचा काही उपयोग नव्हता.
माझा आकडा बरोबर होता.
मला कायम केलं, ओळखपत्रावर फोटो चिकटला.

पगाराच्या दिवशी तो गेटजवळ भेटला,
सायकलची उतरलेली साखळी बसवत, बोटं काळी.
"म्याडम, एक इचारू?
ती चौदा मिनिटं. दररोजची.
काढून घेतलासा, बरं झालं, लागत नव्हती.
पण ठेवलासा कुठं?"

रागानं नाही.
दुकानात उरलेली सुट्टी मागावी तसं.

मी म्हणाले, उत्पादनात. सात पेट्या जास्त निघतात.
"व्हय की. त्या म्याच काढतोय, मला ठावं हैत.
मी मिनिटांचं इचारलो."

साखळी बसली. त्यानं पायडल हातानं उलटं फिरवून पाहिलं,
एकदा, दोनदा, उगाच तिसऱ्यांदा,
आणि गेला.

धामण्याची बस उशिरा आली.
किती, ते पाहिलं नाही.

सोमवारी कोअर विभाग. नवा तक्ता.
गंगव्वा वाळूच्या दोन साच्यांमध्ये
मनगटानं पदर कानामागं सारते, सरकला नसला तरी.
माझा अंगठा बटणावर होता.
दाबला.

बारा, असं लिहिलं.
मग शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं, बारीक:
कुठं ठेवायचे?